थोरलीच्या पुढे कसं चढायचं

रविवारी थोरलीची लेक येणार आणि तिला कायमची आपल्या घरी घेऊन जाणार, हे ठरल्यापासून धाकटीच्या हातून भांडी फार जोरात ठेवली जात होती. कपाटाची दारं आपटत होती. शिलाई मशीन तर असं धडधडत होतं की रस्त्यावरून जाणाऱ्यानं मान वर करून बघावं.

"काय गं, मशीनला पळवून लावतेस का?" थोरली म्हणाली.

"सुई अडकतेय," धाकटी म्हणाली. सुई कुठेच अडकत नव्हती.

त्या दोघी जावा. दोन भावांच्या बायका म्हणून एका घरात आल्या, रस्त्याकडच्या खोलीत दोन मशिनी समोरासमोर टाकून पडदे शिवायला बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. थोरलीचा नवरा टीव्ही दुरुस्त करायचा. धाकटीचा नवरा गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन पडद्यांच्या दांड्या ठोकायचा. दोघे भाऊ एकामागून एक गेले. धाकटीचा मुलगा बोटीवर नोकरीला, तो फोनवरच भेटायचा. थोरलीची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या इमारतीत. थोरलीचे गुडघे जिन्यावर कुरकुर करायला लागले तशी लेक म्हणाली, "आई, आता पुरे. माझ्याकडे ये." आणि थोरली म्हणाली, "बरं."

एवढंच. बरं.

धाकटीला म्हणायचं होतं, जाऊ नका. पण थोरलीला काय करा आणि काय करू नका, हे तिनं जन्मात कधी सांगितलं नव्हतं. थोरलीच्या हातून मीठ जास्त पडलं तर ती निमूटपणे जास्त पाणी पीत असे. थोरलीनं उलटा लावलेला पडदासुद्धा ती थोरली झोपल्यावर सुलटा करायची. आता या वयात नव्यानं तोंड उघडायचं, तर ते उघडत नव्हतं. म्हणून भांडी बोलत होती.

थोरली गेली की समोरचं मशीन मुकं होणार, हे होतंच. पण धाकटीचा जीव त्याहून जास्त अडकला होता तो टीव्हीसमोरच्या दोन रिमोटांत. बाहेरच्या कुणाला ते सांगितलं असतं तर हसले असते.

तो व्हिडिओ गेमचा डबा घरात आला तेव्हा लेक अजून दोन वेण्या घालत होती. कुणीतरी थोरल्याच्या दुकानात दुरुस्तीला म्हणून टाकला आणि तो माणूस गाव सोडून गेला तो गेलाच. थोरल्यानं डबा दुरुस्त केला, बरेच दिवस वाट पाहिली, मग तपासून बघायला म्हणून घरच्या टीव्हीला जोडला. ती तपासणी आजतागायत चालू होती.

तो काळ दोन बटणांचा. एक उडी मारायचं, एक ठोकायचं, आणि डाव्या अंगठ्याखाली चार दिशा. माणसाला आणखी काय लागतं? पुढे थोरलीच्या नातीनं कौतुकानं एक नवा गेम आणून दिला होता. त्याच्या रिमोटाला इतकी बटणं, की थोरलीनं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हा खेळायचा आहे की घालायचा?" नवीन गेममधली माणसं खरीखुरी दिसायची, घाम गाळायची, बापाच्या आठवणीनं रडायची. धाकटीला ते बघवत नसे. जुन्या डब्यातला माणूस टाचणीच्या डोक्याएवढा. पडला, मेला, पुन्हा उभा राहिला. कुणाला सुतक नाही.

त्या गेमांची खरी नावं दोघींना कधी कळलीच नाहीत. इंग्रजी अक्षरं सुरुवातीला चमकून जायची आणि तोवर थोरलीनं बटण दाबलेलं असायचं. म्हणून घरात नावं पडली ती घरातलीच. एक होता 'कपाट'. वरून वेडेवाकडे तुकडे पडायचे ते फट न ठेवता रचायचे. त्यात दोघीही वस्ताद. कापडाच्या तुकड्यांतून एक इंच वाया न घालवणाऱ्या बायकांना ते कुणी शिकवायला नको होतं. एक 'बदकं'. त्याला एक प्लॅस्टिकची बंदूक होती. थोरली टीव्हीच्या काचेला बंदुकीचं नाक टेकवून गोळी घालायची आणि वर म्हणायची, "नेम लागतो बाई मला." एक 'किल्ला', रणगाड्यांचा. त्यात आपला किल्ला राखायचा असतो. धाकटी घाबरली की गरकन वळायची आणि स्वतःचाच किल्ला उडवायची. ते बघून दोघे भाऊ जेवता जेवता ठसके खायचे.

पण सगळ्यांत लाडका 'डोंगर'.

डोंगरात दोन गवंडी असतात, एक निळा, एक लाल. हातात कुदळ. डोक्यावरचं छत फोडायचं, भोकातून उडी मारायची, वरच्या मजल्यावर जायचं, पुन्हा छत फोडायचं. सगळ्यांत वर एक झेंडा. जो आधी झेंड्याला हात लावेल तो जिंकला. खोच एवढीच, की पडद्यावर डोंगराचा एक तुकडाच मावतो. एक गवंडी भराभर वर चढला की चित्र त्याच्याबरोबर वर सरकतं, आणि मागे राहिलेल्याच्या पायाखालची जमीन खालच्या खाली गडप होते. तो बिचारा पडतो आणि मरतो. म्हणजे पुढच्याला काही करावं लागत नाही. नुसतं पुढे जायचं.

निळा गवंडी थोरलीचा. पहिला रिमोटही तिचाच. खेळ मध्ये थांबवायचं बटण असायचं ते त्या पहिल्याच रिमोटावर. दुसऱ्यावर त्या जागी काहीच नव्हतं, गुळगुळीत प्लॅस्टिक. ज्यांनी डबा बनवला त्यांच्या घरातही थोरल्या जावा असणार, असं धाकटीला वाटे. थोरलीचा गवंडी अडचणीत आला रे आला की खेळ थांबायचा. "थांब, दूध बघून येते." "थांब, दार वाजलं वाटतं." "थांब, शिंक येतेय." शिंक यायची नाही, पण तोवर तिनं पुढची उडी नीट ठरवलेली असायची.

आणि थोरलीच जिंकायची. दर वेळी. पडद्यांची मापं घ्यायला परक्याच्या घरी गेलं तरी तिथल्या मुलांच्या हातात रिमोट दिसला की ती सांगायची, "डोंगरात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. हिला विचारा." आणि धाकटी मोजपट्टी गुंडाळत मान डोलवायची.

रविवारी सकाळी थोरलीच्या बॅगा दाराशी उभ्या होत्या. धाकटीनं केर काढताना त्यांच्याभोवतीनं केर काढला, त्यांना हात लावला नाही.

"ये गं," थोरली म्हणाली. "ती येईपर्यंत एक डोंगर होऊन जाऊ दे. तिकडे काय, सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालून."

तो जाडजूड टीव्ही आता फक्त डब्यासाठीच होता. धाकटीनं कॅसेट काढली, तिच्यात फुंकर मारली, मऊ कापडानं पुसली, खोबणीत बसवली आणि ती हलू नये म्हणून बाजूला पडद्याच्या अस्तराची घडी कोंबली. घडी जरा जास्त झाली तर चित्रात मुंग्या यायच्या, कमी झाली तर काहीच यायचं नाही. ती घडी जमायची फक्त धाकटीला.

दोघी बसल्या. थोरली खुर्चीवर, धाकटी शेजारच्या स्टुलावर. निळा आणि लाल उड्या मारत निघाले. धाकटी नेहमीसारखं खेळली. म्हणजे छत फोडलं, वर गेली, आणि काठाशी उभी राहून निळा येईपर्यंत कुदळ हलवत बसली. थोरली आली, पुढे गेली. मग धाकटी तिच्यामागे.

"बरं झालं बाई," थोरली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुलाही मोकळं वाटेल. माझी कटकट गेली. खुशाल तुला हवं तेव्हा उठ, हवं ते कर."

धाकटीचा अंगठा काठाशी थांबायचा तो थांबला नाही. छत फुटलं. लाल गवंडी वर गेला. आणखी एक छत. आणखी एक. चित्र सर्रकन वर सरकलं, आणि खाली निळा गवंडी कुदळ उगारून उभा होता तो उभाच्या उभा दिसेनासा झाला.

थोरलीनं थांबायचं बटण दाबलं. पण मेल्यावर ते चालत नाही.

लाल गवंडी झेंड्याला लटकून नाचायला लागला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा नाचत होता. धाकटीला माहीतच नव्हतं की लाल निळ्यापेक्षा वेगळा नाचतो.

"चुकून झालं," ती म्हणाली.

"चुकून?" थोरली म्हणाली. "लागोपाठ इतके मजले चुकून?"

"हात घसरला."

"हात घसरला की माणूस खाली येतो. वर कसा जाईल?" थोरलीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एक मिनिट. तू तिथे काठाशी उभी राहतेस ती का?"

"उगीच."

"मी समजत होते तुला पुढची उडी जमत नाही. मी तर तुला दोनदा शिकवलीसुद्धा!"

"छान शिकवलीत."

"माझ्याकडे बघ. तुला पहिल्यापासून येत होती?"

धाकटी रिमोटाची वायर बोटाला गुंडाळू लागली.

"तुम्ही थोरल्या," ती म्हणाली. "तुमच्या पुढे कसं चढायचं?"

"अगं, तो डोंगर आहे! पंगत आहे का, आधी कुणी बसायचं ते बघायला?"

"तुम्हाला बरं वाटायचं."

"बरं वाटायचं!" थोरली कडाडली. "मी अख्ख्या जगाला सांगत सुटले, मला कुणी हरवलं नाही म्हणून! आणि तू शेजारी उभी राहून मान डोलवत होतीस!"

"तुम्ही बोलत असताना मध्ये कसं बोलायचं?"

थोरलीचा चेहरा कुणीतरी भर रस्त्यात तिच्यावर ओरडल्यासारखा झाला. एवढ्या वर्षांचे एवढे झेंडे, आणि त्यातला एकही तिचा नव्हता. जायच्या दिवशी आपण हे काय करून बसलो? आता थोरली कायमची रुसून जाणार, असं वाटून धाकटी उठायला लागली, चहा तरी ठेवावा म्हणून.

"बस खाली," थोरली म्हणाली. "मांड पुन्हा. आणि खबरदार काठाशी उभी राहिलीस तर."

"वहिनी, अहो लेक येईल—"

"येऊ दे. तिला दार माहीत आहे."

लेक आली तेव्हा दार उघडंच होतं आणि आतून आरडाओरडा ऐकू येत होता. तिला वाटलं, निघायच्या वेळी रडारड चालली असेल. आत येऊन बघते तर आई खुर्चीच्या टोकावर आलेली, पदर कमरेला खोचलेला, आणि काकू स्टुलावरून अर्धी उठलेली.

"सरका की बाजूला! माझ्या भोकातून कशाला येताय?"

"तुझं भोक? मी फोडलंय ते!"

"तुम्ही फोडलंत ते पलीकडचं!"

निळा पडला. लाल नाचला.

"आई," लेक म्हणाली. "गाडी रस्त्यात उभी आहे. मागचे भोंगे वाजवतायत."

"मग नीट लाव. मला वेळ लागेल."

"किती?"

"एकदा जिंकेपर्यंत. खरं जिंकेपर्यंत. लबाडीचं नाही." थोरलीनं धाकटीकडे बोट केलं. "या बाईनं मला सगळा जन्म फसवलंय."

लेकीनं काकूकडे बघितलं. काकूनं जमिनीकडे बघितलं.

लेक गाडी लावून आली. तोवर निळा आणखी काही वेळा पडला होता. लेकीनं बॅगा खाली नेल्या, गाडीत ठेवल्या, परत आली. निळा पडत होता. तिनं कंटाळून बिस्किटांचा डबा शोधला. थोरली कुरकुरली, हाताला मुंग्या आल्या म्हणाली, उजेड डोळ्यावर येतो म्हणाली. धाकटीनं उठून पडदा ओढला. मग थोरली म्हणाली, आता अंधार झाला.

शेवटी थोरली पाणी प्यायला उठली, म्हणजे अर्थातच थांबायचं बटण दाबून उठली, तेव्हा लेकीनं काकूला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "हरा ना एकदा. तुम्हाला सवय आहे."

"ओळखतील त्या."

"नाही ओळखणार. इतकी वर्षं ओळखलं नाही, आज कशी ओळखेल? जरा काठाशी घोटाळल्यासारखं करा. ती खूश, मी खूश. संध्याकाळपर्यंत घरी पोचू. तिची खोलीसुद्धा लावून ठेवलीय मी, नवीन गादी आणलीय. तुम्हीच सांगता ना मला, तिला सांभाळायला हवं म्हणून?"

लेकीचं काहीच चुकत नव्हतं. धाकटीला ते समजत होतं. गुडघे होते, जिना होता, लिफ्ट होती, नवीन गादी होती. नुसता एकदा अंगठा थांबवायचा. जन्मभर थोरलीला बरं वाटावं म्हणून थांबवला तसा. एकदा थांबला की थोरली जिंकली. जिंकली की उठली. उठली की गेली.

हे एकापाठोपाठ एक डोक्यात आलं तेव्हा धाकटी दाराला टेकून उभी राहिली. लेकीला वाटलं काकूला चक्कर येतेय.

"काय झालं?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "मी हरायची नाही."

"काकू!"

"नाही म्हणजे नाही. आता तू मला आग्रह करू नकोस." आणि ती स्टुलावर जाऊन बसली, पदर खोचून, थोरलीसारखाच.

त्यानंतर ती जी खेळली तशी कधी खेळली नव्हती. ठोक, उडी, ठोक, उडी. मागे वळून बघणं नाही. लाल गवंडी असा चढत होता जणू खाली घराला आग लागली आहे. निळा पडला. पुन्हा मांडला. निळा पडला. थोरली चवताळून उठली. तिनं थांबायचं बटण दाबून दाबून शिंकांचा कारखाना काढला, तरी निळा पडला.

पण थोरली काही मातीची नव्हती. इतकी वर्षं तिला कुणी पळवलंच नव्हतं, म्हणून ती चालत होती. आता पळायला लागली. डावीकडच्या भिंतीला चिकटून उडी मारली की एक छत न फोडताच वर जाता येतं, हे तिनं हरता हरता शोधून काढलं. धाकटीला ते ठाऊक नव्हतं. लाल छत फोडतोय, फोडतोय, आणि बाजूनं निळा हळूच वर.

"आं?" धाकटी म्हणाली.

"आता बोल!" थोरली म्हणाली.

लाल खाली राहिला. चित्र वर सरकायला लागलं. धाकटीच्या रिमोटावर थांबायचं बटण नव्हतं, नाहीतर त्या क्षणी तिला शिंक आली असती. लाल गवंडी काठाला टांगला, एका पायानं, कसाबसा वर आला. पुढची छतं दोघांनी बरोबर फोडली. झेंडा दिसायला लागला. लेक हातातलं बिस्कीट विसरून पुढे वाकली होती. कुणाच्या बाजूनं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. थोरली उडी मारताना स्वतःही खुर्चीतून उठत होती, आणि गुडघ्यांना त्याचं भानच नव्हतं. निळ्यानं उडी मारली. लालनं मारली. दोघं हवेत एकमेकांवर आपटले. निळा उलट फेकला गेला, लाल झेंड्याला अडकला.

लाल नाचला.

मग थोरलीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. धाकटीला वाटलं, ती रडतेय. पण थोरली हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"वाचलीस," ती म्हणाली. "अगं, थोडक्यात वाचलीस! तोंड बघ तुझं! पांढरंफटक!"

"नाही काही."

"खरं खेळलीस ना?"

"खरं खेळले."

"मजा आली," थोरली म्हणाली आणि रिमोट मांडीवर ठेवला. "आधी नुसता वर जाऊन झेंडा घेऊन यायचा, भाजी आणल्यासारखा. यात गंमत आहे." मग तिनं लेकीकडे वळून विचारलं, "माझा दुसरा चष्मा कुठाय गं, लांबचा?"

"बॅगेत. गाडीत आहे बॅग."

"मग बॅग वर आण. यानं मला भिंतीचा काठ नीट दिसत नाही."

"नुसता चष्मा आणते की."

"कुठल्या बॅगेत आहे तुला काय माहीत? दोन्ही आण."

लेक कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आई, तू येणार आहेस की नाही?"

"येणार ना. दिला शब्द तो दिला. एकदा हिला हरवते, मग येते." तिनं बोटं मोडली. "लिफ्ट काय पळून जात नाही. आणि तू, काय गं, बसलीस काय? चहा ठेव. अर्धाच कप. मग मांडू."

लेकीनं काकूकडे एक कटाक्ष टाकला. त्यात राग होता, पण पुरता नव्हता. मग ती बॅगा आणायला खाली गेली, आणि जिना चढून वर येईपर्यंत तिला धाप लागली. "या जिन्याला कठडा लावून घ्या तरी," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी." मग स्वतःच वाकून जिन्याची रुंदी नजरेनं मोजू लागली.

कठडा लागला. लेक दर रविवारी यायला लागली, आधी आईला न्यायला, आणि मग नुसतीच, कोण कुठवर चढलं ते बघायला.

मात्र धाकटीच्या डोळ्याला डोळा लागेना. थोरली दिवसेंदिवस सुधारत होती. भिंतीची युक्ती झाली, मग तिनं कुदळ मारता मारता उडी मारायची नवीच तऱ्हा काढली, आणि परवा तर झेंड्याला तिचं बोट लागता लागता राहिलं. एक ना एक दिवस ती खरोखर जिंकणार, हे धाकटीला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून आता धाकटी थोरलीच्या आधी उठते. पाय न वाजवता रस्त्याकडच्या खोलीत येते, कॅसेटमध्ये फुंकर मारते, अस्तराची घडी कोंबते, टीव्हीचा आवाज पार बंद करते, आणि दूधवाला येईपर्यंत एकटीच डोंगर चढत बसते.